मागच्या बाकावरचा आवाज

मी बोलतो, पण आवाज कधीच माझा नसतो. मी टेपरेकॉर्डर. वाटलं होतं, कुणाच्या तरी घरी गाणी म्हणेन. नशिबात आलं हावेरीजवळचं शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र.

तिथे कन्नडचे शिक्षक यायचे. रोज कुणीतरी धडा घ्यायचा, बाकीच्यांनी मुलं व्हायचं, मी सगळं टिपायचं. मग मला वाजवून धड्याचे गुणदोष काढायचे. वर्षानुवर्षं वर्ग गाजवलेली माणसं माझं बटण दाबलं की अडखळायची.

शिवलीलाक्का हुयलगोळ तर घसा बसल्याचं सांगून आपली पाळी पुढे ढकलत राहिल्या. अखेर उभ्या राहिल्या. गोष्ट सुरेख रंगवली आणि विचारलं, राजानं अंगठी कुणाला दिली?

मागच्या बाकावर मुलगा झालेले ईरण्णा सर मान खाली घालून म्हणाले, "टीचर, पाणी प्यायला जाऊ?"

"शाबास, अगदी बरोबर."

वर्ग हसला. अक्काही हसल्या. सगळ्यांना ती गंमतच वाटली.

दुपारी प्रशिक्षक मरेगुद्दी सरांनी मला सुरू केलं. मागून आलेलं एकेक उत्तर अक्कांकडून निसटलं होतं. फीत अडकावी, वीज जावी, असं मला वाटत राहिलं. तसं काही झालं नाही. हळूहळू हसणं थांबलं. अक्का भेदरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. ओठ वाचून त्यांनी आजवर निभावलं होतं. मला ओठ कुठून असणार?

सर त्यांच्या समोर जाऊन बसले. "कधीपासून, अक्का?"

"बरीच वर्षं झाली. वर कळवू नका, सर. मला घरी बसवतील."

"रोजचं मूल्यमापन घरी बसवायला नसतं. उद्याचा धडा सुधारायला असतं." पण वर काय कळवणार, ते सर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ईरण्णा सरांनी स्वतः बाकं ओढून अर्धगोल केला. प्रत्येक चेहरा अक्कांसमोर आला. एकही उत्तर निसटलं नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, दोन्ही दिवसांच्या फिती वर पाठवा.

अक्कांची नोकरी राहिली. पुढच्या वर्षी अक्का कानाला यंत्र लावून आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि जुना धडा पहिल्यांदा ऐकला. ऐकता ऐकता त्या मरेगुद्दी सरांकडे वळल्या.

"सर, माझ्या शाळेतली मागची पोरं इतकी वर्षं काय काय म्हणाली असतील हो?"

आता मी कपाटात पडून असतो. आवाज टिपायला मोबाइल आलेत. अक्कांचा प्रश्न मात्र पाठ सोडत नाही. शिकवणाऱ्यांनो, मागे कुणी पुटपुटलं तर थांबा, जवळ जा. त्या पोरांचं बोलणं माझ्याकडे नाही. ते कुणीच टिपलं नव्हतं.