डोक्यावरचं घमेलं

मी एक जुना कंद आहे. पिओनी नावाच्या, थंड मुलखातल्या, भरगच्च पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलाचा. मित्रांनो, कुलूच्या बागेत रजनीच्या आत्याने माझ्या फुलांवर बक्षिसं मिळवली, तेव्हा रजनी शाळेत होती. आत्या गेल्या आणि मी वर्तमानपत्रात गुंडाळून मुळशीतल्या नांदे गावी आलो. रजनी इथे सगुणाबाईंकडे भाड्याने राहते, हिंजवडीला नोकरी करते. तिने मला परसात हळदीशेजारी लावलं.

कंदाला डोळे असतात, तिथून कोंब फुटतो. माझे डोळे मातीने जेमतेम झाकले आणि त्यांना थंडी लागली, तरच मी फुलतो. रजनीला हे ठाऊक होतं. सगुणाबाईंना हळद ठाऊक होती, आणि हळद उघडी पडली की वर मातीची भर घालतात. रजनी कामाला गेली की त्या घमेलं घेऊन येत, "उघडं पडलंय लेकरू" म्हणत मला गाडून टाकत. इतकी माया कुलूत कोणी केली नव्हती. तीन वर्षं मी नुसती पानं काढली.

या हिवाळ्यात रजनी फोनवर म्हणाली, "यंदा फुलांच्या प्रदर्शनात याचं फूल नेता आलं नाही तर उपटून टाकणार." मग तिने माझ्यावरची माती उकरली. ही माती कोंबड्या माझ्यावर ओढतात, असा तिचा समज.

दुसऱ्या दिवशी घमेलं आलंच. पण रजनी घरूनच काम करत होती.

"आजी, काय करताय?"

"भर घालतीय. तुला कुटं वेळ हाय? तीन वर्सं मीच घालतीय की."

घमेलं माझ्यावर तिरकं. थोडी माती सांडलीसुद्धा.

"आजी, ही हळद नाही. याला गारठा लागतो. झाकलं की फुलत नाही."

"मग आदी का न्हाई सांगितलंस? मी काय त्याची वैरीण हाय व्हय?"

माती हळदीवर गेली. संध्याकाळी सगुणाबाईंनी त्याच घमेल्यातून बर्फ आणला, मासेवाल्या कैलासकडचा. त्याला बांगड्याचा वास होता. मी तक्रार केली नाही. मग थंडी संपेपर्यंत रोज तोच बर्फ.

कळी एकच आली. प्रदर्शनाच्या सकाळी ती अर्धी उमलली होती. रजनीची कात्री देठापाशी थांबली, नजर सगुणाबाईंकडे.

"काप की," सगुणाबाई म्हणाल्या. "आन् मला बी गाडीवर घे. उमलताना बघायचंय."

कंदाला प्रदर्शनात कोणी नेत नाही. उत्तेजनार्थ बक्षीस मिळाल्याचं मला संध्याकाळी कळलं. सगुणाबाई माझ्यापाशी उकिडव्या बसल्या आणि बोटाने डोळ्यावरची जादा माती हळूच बाजूला केली.

मित्रांनो, काळजी जरूर घ्या. फक्त घमेलं उपडं करण्याआधी, खाली हळद आहे की दुसरं कोणी, एवढं विचारा.