फ्लेक्सवरची आजी

आजी गेली आणि आई रडली नाही. बाकी सगळं त्यावरूनच झालं.

आमच्याकडे कुणी गेलं की दहावा, तेरावा, पिंड, कावळा यांतलं काही होत नाही. छप्पन साली पणजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सुटलं, आणि बाबांचे धाकटे भाऊ, धम्मानंदकाका, ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानानं सांगतात. पण एक रीत राहून गेली, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती. बाहेरगावची बाई दारात आली की घरच्या बाईनं उठायचं, दोघींनी गळ्यात पडायचं आणि मोठ्यानं रडायचं. मग दोघी बसतात, डोळे पुसतात, आणि उमरेडची बस कशी उशिरा लागली याचं बोलणं निघतं.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. हे रडणं खोटं असावं, अशी माझी पहिली शंका होती. ती चुकीची निघाली. जवळ बसून पाहिलं तर पदर खरोखर ओले होत होते, श्वास तुटत होता. ज्या बायका वर्षानुवर्षं आजीकडे फिरकल्या नव्हत्या, त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. आणि जिनं आजीला शेवटपर्यंत भरवलं, अंग पुसलं, कूस बदलून दिली, ती माझी आई प्रत्येकीला हलकेच बाजूला करून म्हणत होती, "बसा, पाणी प्या."

गल्लीत बोलणं सुरू व्हायला वेळ लागला नाही. सून सुटली, म्हणून खूश आहे म्हणे. बाबांची मोठी बहीण, खाप्याची पंचफुलाआत्या, दारात सगळ्यांत मोठ्यानं रडली होती; तीच स्वयंपाकघरात येऊन ते तोंडावर बोलली.

"वनमाला, एक आसू तरी दिसू दे वं. लोक काय म्हणून राहिले, ऐकलं का?"

"ऐकलं, बाई. कांदा घेऊन बसू का त्याहीच्या समोर?"

आत्या पाय आपटत बाहेर गेली. मलाही वाटत होतं की आईनं थोडं रडावं. अश्रूंनी काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरी शेजारचं कुणी डोकावलं की मी आधी आईचा चेहरा पाहत होते.

रविवारी पुण्यानुमोदन होतं. भंतेजी वंदना घेतात, मग लोक माइकवर गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, मग जेवण. काकांनी गल्लीत मांडव घातला होता आणि मागे मोठा फ्लेक्स लावला होता. फ्लेक्सवाल्यानं आजीला गोरं करून टाकलं होतं, सुरकुत्या पुसल्या होत्या, आणि कपाळावरची जुनी खोक गायब होती. खाली लिहिलं होतं: शांत, संयमी, करुणेचा सागर, मातोश्री मीराबाई. मी फोटोकडे बराच वेळ पाहिलं. ती बाई कुणाचीही आजी असू शकली असती.

काकांनी आईला सकाळीच समजावलं होतं. सगळ्यांत शेवटी तिनं दोन शब्द बोलावेत, आवाज दाटून आला तर थांबावं, लोक समजून घेतील आणि विषय संपेल. आई बरं म्हणाली होती.

वक्ते बोलले. आजी कधी कुणाला दुखावून बोलली नाही, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं तिच्या मौनाची आठवण काढली. आमच्या आजीचं मौन! भंतेजी डोळे मिटून ऐकत होते. मग काकांनी आईचं नाव घेतलं आणि बायकांनी पदर हातात घेतले.

"जयभीम," आई म्हणाली. "इतक्या वेळची तुम्ही कोण्या बाईबद्दल बोलून राहिले, मले समजलं नाही. माही सासू शांत नव्हती."

काका उठले. "वहिनी, राहू द्या, बसा आता."

"तुम्हीच बोलाले लावलं ना, भाऊजी? मग बोलू द्या." तिनं माइक दुसऱ्या हातात घेतला. "बुढीनं मले लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगतलं, का तुह्या हातचं वरण म्हणजे नालीचं पाणी. मरेपर्यंत तेच म्हणे. मी बी ऐकून नाही घेतलं. नालीचं तर नालीचं, प्या म्हणे मी. ते शिव्या देत राहे अन् मी तिची वेणी घालत राहो. एक दिवस भांडण नाही झालं, तर दोघीले बी जेवण जाये नाही."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"हे मागं लटकवली ते बाई मले माहीत नाही. तिच्यासाठी मले रडू येत नाही, अन् येणार बी नाही. ज्याले रडाचं असन त्यानं रडा. माही सासू तेवढी बदलू नका."

तिनं माइक काकांच्या हातात दिला आणि सरळ पंगतीच्या भांड्यांकडे गेली. टाळ्या वाजल्या नाहीत. काकांनी घाईघाईनं जेवणाची सूचना केली.

पंगत चालू असताना काका आईजवळ आले आणि हळू आवाजात, पण चांगलेच चिडून बोलले. भंतेजींसमोर घराची शोभा झाली, आता सगळे म्हणतील की सासू-सुना जन्मभर भांडत होत्या.

"होतोच," आई म्हणाली. "सांगा सगळ्याले."

काका गेल्यावर पंचफुलाआत्या आली. आता पुन्हा वाद होणार, म्हणून मी उठून उभी राहिले. पण ती आईच्या शेजारी खाली बसली. आजीच्या आजारपणात ती एकदाही आली नव्हती. गुडघे दुखतात, असं फोनवर सांगत राहिली होती.

"माय माहं नाव काढे का वं?"

"रोज काढे."

"काय म्हणे?"

आईनं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती काहीतरी मऊ सांगेल. समोरच्या बाईला तेच हवं होतं आणि खोटं पकडायला कुणी उरलं नव्हतं.

"शिव्या देये. पोट्टीले गुडघे दिले, अक्कल नाही दिली म्हणे."

आत्याचं तोंड उघडलं. या खेपेला आवाज निघालाच नाही. नुसतं पाणी आलं, ते गालांवरून हनुवटीपर्यंत गेलं आणि तिनं पुसलं नाही. आईनं तिला जवळ घेतलं नाही, थांबवलंही नाही. तिच्यासमोर पत्रावळ मांडली, त्यावर भात वाढला आणि मोकळ्या, कोरड्या आवाजात म्हणाली, "अजून बी बरंच म्हणे. सांगू?"

आत्यानं मान हलवली. सांग.