सारखी की वेगळी

एकशेवीस चिठ्ठ्या उघडून झाल्या आणि त्यांत 'हो' निघाले एकतीस. मॅनेजरसाहेबांनी तर टेबलावर थापच मारली.

"बघा मॅडम, मी म्हणत नव्हतो? माणसं आपली सरळ आहेत. घोळ घातला तो एकट्या मामांनी."

मॅडम म्हणजे सर्वेवाल्या बाई. अडचणीचे प्रश्न विचारून लोकांकडून खरी उत्तरं काढायची, हा त्यांचा पेशा. लिफ्टची देखभाल करणाऱ्या या कंपनीत त्यांना मालकीणबाईंनी बोलावलं होतं, आणि तेही मामांमुळे. मामा इथले सगळ्यांत जुने मेकॅनिक, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. महिन्यापूर्वी त्यांच्या वाट्याची एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आतल्या बाईला बाहेर काढायला तीन तास लागले. तपासणीच्या कार्डावर त्याच सकाळची मामांची सही होती. विचारल्यावर मामांनी आढेवेढे घेतले नाहीत. "सही केली. लिफ्ट बघितली नव्हती," म्हणाले. मॅनेजरसाहेबांनी संध्याकाळच्या आत बडतर्फीचं पत्र तयार ठेवलं. पण मालकीणबाई अडून बसल्या. असं करणारे मामा एकटेच आहेत की आणखी कोणी, हे शनिवारपर्यंत कळू दे, मग सही करते, म्हणाल्या. आज बुधवार होता.

बाईंनी नाण्याची युक्ती वापरली होती. प्रत्येक मेकॅनिकने पडद्यामागे जायचं आणि नाणं उडवायचं. छाप पडली तर डोळे मिटून 'हो' लिहायचं, काटा पडला तर खरं उत्तर. प्रश्न एकच, गेल्या महिन्यात लिफ्ट न बघता कार्डावर सही केलीत का? म्हणजे कुणाची 'हो'ची चिठ्ठी सापडली, तरी ते नाण्याचं 'हो' की त्याचं स्वतःचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

"साहेब," बाई म्हणाल्या, "सगळी माणसं देवाघरची असती, तरी नुसत्या नाण्यानेच साठेक 'हो' यायला हवेत. आलेत एकतीस."

"मग चांगलंच आहे की. कमी आलेत."

या माणसाला कुणी मॅनेजर केलं, असं बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते शब्द गिळून त्या तडक खाली वर्कशॉपमध्ये गेल्या. तिथे सगळे ज्याला लंबू म्हणायचे तो मेकॅनिक दरवाज्याचे रोलर पुसत बसला होता. बाई त्याच्यासमोरच्या खोक्यावर बसल्या आणि आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "तुम्ही काय लिहिलंत ते मी विचारत नाही. पण छाप पडूनही माणसाने 'नाही' का लिहिलं असेल?"

लंबूने इकडेतिकडे पाहिलं. "मॅडम, नाण्याचं काय जातंय? 'हो' लिही म्हणून ते मोकळं. नाण्याला बायकापोरं आहेत का? जे केलंच नाही ते कबूल कशाला करायचं? आणि ज्यानं केलंय, तो तर त्याहून नाही लिहिणार."

बाई इतक्या झटक्यात उठल्या की खोकं कलंडलं. लोक नाण्याला घाबरत नव्हते, 'हो' या शब्दाला घाबरत होते. चिठ्ठीवर एक उत्तर धोक्याचं आणि एक बिनधोक असं असेल, तर घाबरलेला माणूस बिनधोक बाजूला पळणारच. मग दोन्ही बाजू सारख्याच करून टाकल्या तर? त्यांच्या अंगात वारं शिरलं. घरी पोचेपर्यंत त्या रस्त्याने चक्क स्वतःशी बोलत होत्या, आणि समोरून येणारे लोक त्यांना वाट करून देत होते.

घरात पहिल्या सापडल्या त्या सासूबाई. डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलं होतं आणि आपण ते पाळतो असं त्या रोज शपथेवर सांगत.

"आई, ओळखीच्या कुणाचा तरी मोबाइल नंबर मनात धरा. कुणाचा ते सांगू नका. धरला? आता दोन प्रश्न. त्या नंबरच्या शेवटी शून्य, एक किंवा दोन आहे का? आणि दुसरा, या आठवड्यात चोरून गोड खाल्लंत का? वेगवेगळी उत्तरं द्यायची नाहीत. दोन्ही 'हो' किंवा दोन्ही 'नाही' असेल, तर 'सारखी' म्हणा. एक हो, एक नाही असेल, तर 'वेगळी'."

सासूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "वेगळी. आता तुला काय कळलं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नंबर कुठला ते मला माहीत नाही ना. मग कसं कळणार?"

सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी बर्फीचा डबा कुठे लपवलाय तेही सांगून टाकलं. बाईंनी त्यांना मिठीच मारली. रागवायचं राहूनच गेलं.

गुरुवार-शुक्रवारी एकशेवीस मेकॅनिक पुन्हा पडद्यामागे गेले आणि गोडाच्या जागी सहीचा प्रश्न धरून 'सारखी' की 'वेगळी' एवढंच लिहून आले. या वेळी बाहेर येताना कुणाच्या कपाळावर घाम नव्हता. एक-दोघे तर हसत होते. शुक्रवारी दुपारी बाईंनी मोजणी केली, मग पाणी प्यायल्या आणि परत केली. आकडा तोच आला. त्यांनी आनंदाने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि लगेच त्यांना मामा आठवले. आता हे साहेबांच्या डोक्यात कसं शिरायचं?

शनिवारी चौथ्या मजल्यावर बैठक झाली. मालकीणबाई, मॅनेजरसाहेब, कोपऱ्यात खुर्चीच्या कडेवर टेकलेले मामा, आणि बाई.

"दहा नंबरांत साधारण तीन नंबर शून्य, एक, दोनने संपतात, म्हणजे एकशेवीसांत छत्तीस," बाई म्हणाल्या. "त्यामुळे कुणीच खोटी सही केली नसती, तर चौऱ्याऐंशी जण 'सारखी' म्हणाले असते. सगळ्यांनीच केली असती, तर छत्तीस. म्हणालेत पंचेचाळीस. म्हणजे शंभरातल्या ऐंशी जणांनी खोटी सही केली. चारदोन इकडे-तिकडे धरा."

मामांनी मान वर केली. इतके दिवस ते स्वतःला एकटेच गुन्हेगार समजत होते, आणि आता ते ओझं उतरल्याचं तोंडावर दिसत होतं. ते बघून बाईंना भरून आलं.

"कोण कोण ते सांगा," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"मला माहीत नाही. कुणालाच कळणार नाही. म्हणून तर त्यांनी खरं लिहिलं."

मालकीणबाईंनी विचारलं, "मी आत्ता ज्या लिफ्टने वर आले, ती कोण बघतं?"

"आपलीच माणसं," साहेब म्हणाले. "कार्डावर सकाळची सही आहे."

मालकीणबाईंचे गुडघे कामातून गेलेले होते. त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा लिफ्टच्या दाराकडे. "मामा, जरा बघता का? अगदी बघायला हवी तशी."

मामा हत्यारांची पिशवी घेऊन उठले. मालकीणबाईंनी लिफ्टसमोर खुर्ची मागवली, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि बसून राहिल्या. मामा वरच्या मशीनच्या खोलीत गेले, ब्रेक बघितला, दोर हाताने चाचपले, खाली येऊन प्रत्येक मजल्याचं दार उघडून बंद केलं. मॅनेजरसाहेब दोनदा "झालं असेल आता" म्हणाले. दोन्ही वेळा मालकीणबाईंनी फक्त हात वर केला. शेवटी मामा हात पुसत आले आणि कार्डावर सही केली.

"पन्नास मिनिटं," मालकीणबाई म्हणाल्या. "साहेब, एका माणसाला आपण दिवसाला किती लिफ्ट देतो?"

"बारा."

"म्हणजे नुसत्या बघायलाच दहा तास. जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. आणि पाळी आठ तासांची." त्यांनी घड्याळ परत मनगटावर बांधलं. "हे बारा कुणी ठरवले?"

साहेब कार्डावरची सही वाचू लागले. मग मालकीणबाईच म्हणाल्या, "मी ठरवले. पाच वर्षांपूर्वी, याच मजल्यावर बसून."

त्यांनी सही न करताच बडतर्फीच्या पत्राची घडी करून ती पर्समध्ये टाकली. मग मामांच्या खांद्याचा आधार घेत त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि तळमजल्याचं बटण दाबलं.