माश्या कुणाच्या अंगणातल्या

यमुताईंच्या अंगणातला देशी बदाम तोडायची भाषा ओमप्रकाशभाऊंनी केली आणि यमुताईंचं डोकंच फिरलं. अहो, नागपूरचा उन्हाळा त्या कुलरवर नाही, या झाडाच्या सावलीवर काढत होत्या. आणि हे शेजारी कोण, तर गांधीबागेत जन्मभर कापड विकलेले, म्हातारपणी एक पेरू लावून एकदम बागाईतदार झालेले.

"तुमच्या बदामाच्या माश्या माहे पेरू नासवून राहिल्या," भाऊ कम्पाउंडच्या भिंतीवरून म्हणाले. "फोडला का पेरू, आत अळ्याच अळ्या."

"कशावरून तुमच्या पेरूतल्या माझ्या बदामात येत नसतील?"

शेवटी यमुताईंची नात अबोली मध्ये पडली. ती शेतकी कॉलेजात शिकते. तिनं दोघांना समोर बसवून फळमाशीचं वर्षाचं वेळापत्रक सांगितलं. थंडीत ही बाई फारशी दिसत नाही. उन्हं तापली की दोन-चार येतात, आणि पावसाळ्यात फळं पिकली की धाडच पडते. पिकत्या फळात अंडी घालायची, अळ्यांनी गर खायचा, फळ पडलं की मातीत शिरायचं, तिथं तांदळाच्या दाण्याएवढा कोष करून आठ-दहा दिवस निजायचं, की पंख फुटून पुन्हा वर.

"दोन्ही झाडांखाली जमिनीवर मच्छरदाणी लावू," अबोली म्हणाली. "माश्या जिथल्या मातीतून निघतील, ते झाड दोषी."

"अन् दोषी झाड तोडायचं," भाऊ म्हणाले. यमुताईंनीही तावातावानं हो म्हटलं. मग दहा दिवस त्यांना घास गोड लागला नाही.

निकालाच्या दिवशी अबोली नऊला येणार होती. यमुताई साडेपाचलाच चोरपावलांनी अंगणात गेल्या. जाळीला आतून वीस-बावीस पिवळसर माश्या चिकटलेल्या. सरकारी कचेरीत तीस वर्षं नोकरी केली, एका कागदाची अफरातफर केली नाही. पण आज त्यांनी जाळीचं टोक उचललं आणि पदरानं माश्या हाकलायला लागल्या. "जा वं बायांनो, निघा लवकर."

तेवढ्यात भिंतीपलीकडून फटफट आवाज आला. त्यांनी टाचा उंचावून पाहिलं. ओमप्रकाशभाऊ बनियनवर उकिडवे बसून आपल्या मच्छरदाणीत टॉवेल फिरवत होते. नजरेला नजर भिडली.

भाऊंनी टॉवेल खांद्यावर टाकला. "चहा झाला का, यमुताई?"

"ठेवतेच आहे. या."

नऊला अबोलीनं दोन्ही जाळ्या तपासल्या. एकही माशी नाही. ती पार चक्रावली. "मग एवढ्या माश्या येतात तरी कुठून?"

भाऊंनी घसा खाकरला आणि मागच्या घराच्या चिकूकडे बोट दाखवलं. ते घर महादेवरावांचं. "मले तर पहिल्यापासून डाऊट होता."

"माणूस सज्जन आहे," यमुताई म्हणाल्या, "पण झाडाचं काय सांगावं."

अबोलीनं लगेच एक मच्छरदाणी गुंडाळली आणि ती महादेवरावांच्या फाटकाकडे निघालीसुद्धा. यमुताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ कपातल्या चहाकडे पाहत होते.

"महादेवरावांले सांगून ठेवा लागते," ते हळूच म्हणाले, "दहाव्या दिवशी लवकर उठा म्हणून."