एका कोयत्याला एक पट्टा

उज्ज्वला पुण्यात माणसांच्या बसण्या-उठण्याची मापं काढायची. कंपन्या तिला बोलवायच्या. कोणाच्या संगणकाचा पडदा फार खाली, कोणाचं कोपर अधांतरी, कोणाची पाठ कशानं दुखते, हे बघून ती काम माणसाच्या मापाचं करून द्यायची. थंडगार खोलीतल्या मनगटांची एवढी काळजी, आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढलेल्या आपल्या आईच्या मानेचं कोणी नाव काढत नाही, याची चीड तिला पहिल्या दिवसापासून होती.

शेवटी एका साखर कारखान्यानं तिला ऊसतोड मजुरांसाठी काम दिलं. तिनं आई चतुराबाईलाच समोर उभं करून मापं घेतली आणि पट्टा बनवला. डोक्यावरचं ओझं तो खांद्यांवर आणि कमरेवर वाटून घ्यायचा. मोळ्या जास्त करून बाया वाहतात, म्हणून पट्टा बायांच्या मापाचा.

दसरा झाला. आईच्या गावाहून, नेकनूरहून ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर सामानानं भरून उभे होते. कारखान्याचे अधिकारी बद्रीनाथ खोकी घेऊन आले. मुकादम उत्तरेश्वर नावं पुकारू लागला, आणि एकेक गडी पुढं येऊन पट्टा घेऊन जाऊ लागला.

उज्ज्वला बघतच राहिली. "साहेब, बायांचे पट्टे कुठं आहेत?"

"कोयत्यामागं एक मंजूर झालाय, मॅडम. नवराबायको मिळून एक कोयता. आमचं सगळं कोयत्यावरच चालतं, तुम्हाला काय सांगायचं?"

"कोयत्यात माणसं दोन असतात."

"नाव एकाचंच असतं. घेतील की नवऱ्याकडून मागून. घरचाच मामला."

तिकडं अभिमन्यू पोट आत ओढून पट्टा लावायला बघत होता.

"दम सोड बे, बक्कल उडंल," रांगेतला सिदू म्हणाला.

अभिमन्यूची बायको चंद्रभागाबाई म्हणाली, "मोळ्या म्या वाहायच्या आन पट्टा ह्येनी मिरवायचा. लई बेस हाय."

बाया हसल्या. उज्ज्वलाला हसू आलं नाही.

बद्रीनाथांनी मोबाइल काढला. "मॅडम, पट्टा बांधताना तुमचा एक फोटो होऊ द्या. वर दाखवला की बाकीच्या कारखान्यांचं कामही तुम्हालाच."

उज्ज्वलानं अभिमन्यूच्या हातातला पट्टा घेतला, चंद्रभागाबाईला त्याच्या शेजारी उभं केलं आणि तो दोघांभोवती ओढला. हातभर कमी पडला. तो तसाच ताणून धरत ती म्हणाली, "काढा फोटो. हा तुमचा एक कोयता."

मोबाइल खाली आला. "तुम्ही तमाशा करताय."

"तमाशा तुम्ही मांडलाय. मी फक्त पट्टा बांधतेय."

बायांच्या घोळक्यातून चतुराबाई पुढं आली. तिची मान एका बाजूला कललेली; सरळ करायची म्हटलं तर अख्खं अंग वळवावं लागायचं. तशी वळून ती बद्रीनाथांना म्हणाली, "माज्या मानंवरून बेतलाय त्यो. गड्यायला काहून वाटता?" आणि पहिल्या ट्रॅक्टरच्या चाकापुढं बसली.

चंद्रभागाबाई तिच्याशेजारी बसली. मग ट्रॅक्टरवर चढलेल्या बायाही एकेक करून खाली उतरल्या.

"उठा, मावशे, टाइम होतोय," उत्तरेश्वर म्हणाला.

"आमी कुटं न्हाई म्हनतो? पट्टे आले की निघतो," चतुराबाई म्हणाली.

उत्तरेश्वरनं बद्रीनाथांकडं बघितलं आणि ट्रॅक्टर बंद करायला लावला. बद्रीनाथ बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलले. परत आले ते तोंड पाडून.

"मागवलेत तेवढेच आणखी. पण मॅडम, आमच्याकडचं तुमचं काम आजपासून संपलं. बाकी कारखान्यांचंही गेलं असंच धरून चाला."

"संपू द्या," उज्ज्वला म्हणाली. "पट्टे येस्तोवर मी हितंच बसते."

आणि ती आईला टेकून बसली, ज्या बाजूला मान कलली होती त्या बाजूनं.