अकरा पानं आणि एक ओलं पोतं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती? एके काळी मी पांढराशुभ्र होतो आणि आता माझा रंग चहात बुडवलेल्या बटरसारखा झालाय, इतका! पण नाक मुरडू नका. या जुन्या डब्याच्या पोटात एका आज्जीची अकरा पानं होती, आणि ती वाचली कशी हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म बेळगावातल्या एका दुकानाच्या माळ्यावर झाला. एका खोक्यातून माझा पंखा आला, दुसऱ्यातून डिस्क, तिसऱ्यातून तारांचं जंजाळ. एका कारागिराने मला दुपारभर बसून जोडलं आणि बटण दाबलं. मी 'पीं' केलं. तोच माझा पहिला शब्द, आणि खरं सांगायचं तर तोच शेवटचाही. मला दुसरा शब्द येतच नाही. एक छोटा 'पीं' म्हणजे मी अगदी मजेत आहे.

तिथून मी गेलो टिळकवाडीत, एका वकिलांच्या कचेरीत. काय तो माझा थाट! सकाळी कन्नडमध्ये नोटीस, दुपारी मराठीत अर्ज, संध्याकाळी इंग्रजीत दावा. दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूचा हार. मला गळा नाही ही गोष्ट वेगळी. साहेब आल्या-गेल्याला सांगायचे, "हा आमचा सगळ्यात कामाचा माणूस." माणूस! मी तर फुगून जायचो.

मग एक दिवस चपटा, चकचकीत लॅपटॉप आला आणि मी जिन्याखाली गेलो. माझ्यावर आधी फायली आल्या, मग छत्र्या, मग एक कुंडी. कुंडीला रोज पाणी मिळायचं. माझी विचारपूस कुणी करायचं नाही. अशी पाच वर्षं गेली.

मला तिथून बाहेर काढलं दीपंकरकाकांनी. ते त्याच कचेरीत कारकून होते आणि निपाणीहून रोज बसने यायचे. ते निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी विचारलं, "काय भेट देऊ?" काका म्हणाले, "तो जिन्याखालचा द्या." बसमध्ये मला मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने डोळे वटारून कन्नडमध्ये विचारलं, हे काय आहे? काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नम्म हुडुगा री!" म्हणजे आमचं पोरगं हो! सगळी बस हसली. कंडक्टरने माझं अर्धं तिकीट फाडलं. मित्रांनो, पाच वर्षांनी कुणीतरी मला आपलं म्हटलं होतं. मला 'पीं' करावंसं वाटलं, पण वीज कुठून आणू?

निपाणीत काकांनी बुद्धविहाराच्या वाचनालयात 'रविवार संगणक मंडळ' सुरू केलं होतं. ज्याच्या घरचा संगणक रुसेल त्याने तो रविवारी दहाला घेऊन यायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याचा रुसवा काढायचा. मंडळाचे नियम दोनच. पहिला, ज्याचं यंत्र त्याचाच हात. बाकीच्यांनी तोंडाने सांगायचं, पण पेचकस मालकाच्या हातात. दुसरा नियम जास्त गमतीचा. कुठलंही यंत्र उघडण्याआधी 'चुकीची फेरी' व्हायची. प्रत्येकाने आपण संगणकापुढे केलेली एक चूक सांगायची. ऐकताना आधी हसायचं नाही. सांगणारा हसला तर मग खुशाल हसा. जो आधी हसेल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. काका म्हणायचे, "दुखणं लपवलं की औषध चुकतंय."

मंडळाने मला दुरुस्त केलं आणि नववीतल्या समताकडे दिलं. समता म्हणजे तोंडाचा पट्टा! माझ्याशीसुद्धा बोलायची. पण मित्रांनो, माझी खरी मैत्रीण झाली तिची आज्जी, यल्लव्वा.

यल्लव्वाआज्जीने चाळीस वर्षं विड्या वळल्या. दिवसाला हजार. निपाणीत हे काम घरोघर बसून करत. ती अक्षरं शिकली पन्नाशीनंतर, साक्षरतेच्या वर्गात. समताने तिला माझ्यापुढे बसवलं आणि मराठी अक्षरं कुठे कुठे लपलीत ते दाखवलं. मग आज्जी रोज जेवणानंतर यायची, पदराने हात पुसायची आणि एका बोटाने लिहायची. टक्. थांबायची. टक्. आपण कशा विड्या वळल्या, मालक चांगल्या विड्यासुद्धा खराब म्हणून बाजूला काढत तेव्हा बायका कशा एक झाल्या, समताच्या बाबांची पाटी-पेन्सिल कुठून आली, सगळं. सात महिन्यांत अकरा पानं झाली. वाचनालयाच्या वाढदिवसाला आज्जीने ती आपल्या जुन्या मैत्रिणींपुढे वाचायची, असं ठरलं.

"आज्जी, पेन ड्राइव्हवर कॉपी काढून ठेवूया गं," समता रोज म्हणायची.

"काढ की मग."

"उद्या काढते."

तुम्हाला ओळखीचं वाटतंय ना?

वाढदिवसाला पंधरवडा राहिला आणि मे महिना असा तापला की काही विचारू नका. माझं अंग भाजत होतं. पंखा म्हातारा झालेला, घूं घूं करून थकायचा. आज्जीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चटकन काढला. "आगं बया! लई तापलंय की लेकरू." मी कुठे बोलू शकत होतो? तिने मला बंद केलं. कोपऱ्यातलं एक जुनं गोणपाट भिजवलं, पिळलं आणि मला गच्च गुंडाळलं. वर मायेने थोपटलंसुद्धा. अडीच दिवस मी त्या ओल्या पोत्यात होतो. समता शाळेच्या शिबिराला गेली होती आणि बाबा माझ्याकडे कधी बघत नसत, म्हणून कुणाला कळलं नाही. गार वाटलं हो, खोटं कशाला बोलू! पण माझ्या फटीफटींतून ओल आत शिरत होती.

समता यायच्या दिवशी आज्जीने पोतं काढलं आणि बटण दाबलं. पंखा जरासा हलला आणि थांबला. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्या हातून काहीतरी झालंय. तिने पोतं वाळत घातलं आणि गप्प राहिली.

बाबा म्हणाले, "जाऊ दे आई, नवा घेऊया."

"नव्यात माझी पानं असत्यात व्हय?" आज्जी म्हणाली आणि आत निघून गेली. पुन्हा लिहायचं तर सात महिने, आणि वाढदिवसाला उरला होता एकच आठवडा.

रविवारी समताने मला रिक्षात घातलं. आज्जीही आली. विहाराच्या वाचनालयात लांब टेबलावर मला ठेवलं. दीपंकरकाका होते, लाल बसचे निवृत्त कंडक्टर मारुतीराव होते आणि डिप्लोमाला असलेला सौरव होता. सौरव हुशार, पण घाई अशी की चहा ओतायच्या आधीच कप तोंडाला लावेल!

"डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तर पानं मिळतील की," समता म्हणाली.

"ह्याची डिस्क जुन्या रुंद पट्टीची हाय गं," काका म्हणाले. "ती जोडायला आता आपल्याकडं एकबी मशीन न्हाय. ह्यालाच उठवायला पायजे."

चुकीची फेरी सुरू झाली. मारुतीरावांनी घसा साफ केला. "मी पासवर्ड कॅलेंडरवर लिहून ठेवलता. एक तारखेला बायकोनं पान फाडलं आणि त्यात भडंग बांधून संकेश्वरच्या जावयाला दिलं. मी फोन लावला. म्हटलं, जावईबापू, भडंग खावा, पण कागद टाकू नका!"

सगळ्यांचे गाल फुगले. कुणी हसेना. मग मारुतीराव स्वतःच खो खो हसत सुटले आणि वाचनालय दणाणलं.

सौरव म्हणाला, "मी प्रिंटर पूर्ण खोलला. एकवीस स्क्रू काढले. मग कळलं, कागदच घातला नव्हता." तो लाजून हसला, मग बाकीचे.

समता उभी राहिली. एरवी धडाधड बोलणारी ती, आज तिचा आवाज खाली गेला. "मी कॉपी काढते म्हणून सात महिने 'उद्या' म्हणत राहिले. आज्जीची पानं गेली तर ती माझ्यामुळं." ती हसली नाही. कुणीच हसलं नाही.

मग पाळी आज्जीची.

"माझी कसली चूक? आपसूक बंद पडलंय त्ये," ती म्हणाली आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली.

काकांनी पुढे विचारलं नाही. समताने पेचकस घेऊन माझं झाकण काढलं. सौरवने तेवढ्यात निदान करून टाकलं. "पॉवर सप्लाय गेलाय. मी माझा आणलाय. दणदणीत हाय." त्याने वायरी कशा लावायच्या ते सांगितलं, समताने लावल्या. मित्रांनो, मला घाम येत असता तर तेव्हा दरदरून फुटला असता! माझ्या आत अजून ओल होती. त्या ओलीत ही दणदणीत वीज शिरली की माझा मदरबोर्ड जळणार, डिस्क जळणार आणि अकरा पानांचा धूर होणार. आणि मी? मला 'पीं' सुद्धा करता येत नव्हतं.

"दाब समता, वाट कसली बघालीस!" सौरव म्हणाला. नियम राहिला बाजूला, घाईत त्याचंच बोट बटणाकडे गेलं.

"थांब रं!"

आज्जीने त्याचं मनगट धरलं होतं. हजार विड्या वळणाऱ्या बोटांची पकड ती! सौरव जागच्या जागी थिजला.

"मी त्याला ओल्या पोत्यात गुंडाळलतं," आज्जी म्हणाली. "अडीच दीस."

तिने माझ्या उघड्या पोटाकडे बोट केलं.

"बिडीचं पान तापलं, वाळलं की कडाकडा मोडतंय. मग आम्ही त्ये ओल्या पोत्यात ठेवायचो. मऊ राहतंय. ह्ये बी तापलतं. मला वाटलं, मोडंल. माझी पानं मोडतील." तिचे डोळे भरले. "हसा आता."

कुणी हसलं नाही. मारुतीरावांनी फक्त आपली टोपी काढली आणि पुन्हा घातली. समता आज्जीला बिलगली. "आज्जे, तू त्याला जपत व्हतीस गं!"

काका शांतपणे म्हणाले, "यल्लव्वाक्का, तुम्ही आत्ता बोलला नसतासा तर पोरं बटण दाबून मोकळी झाली असती. तुमच्या एका चुकीनं ह्यो बंद पडला. त्याच चुकीच्या सांगण्यानं वाचंल. किती ओलं व्हतं पोतं?"

"पानाला लागतंय तेवढं. पिळून."

"मग आशा हाय. सगळ्या वायरी काढा आणि ह्याला वाळवा."

"उन्हात ठेवूया?" सौरवने विचारलं.

"उन्हात न्हाय, सावलीत," आज्जी झटकन म्हणाली. "उन्हानं वाकडं हुतंय. पान असू दे न्हाईतर काय बी." पहिल्यांदाच ती मंडळाला शिकवत होती, आणि मंडळ माना डोलवत होतं.

चार दिवस मी उघड्या पोटाने वाचनालयाच्या पंख्याखाली होतो. येणारा-जाणारा विचारायचा, "कसं हाय पेशंट?" जिन्याखालच्या पाच वर्षांत जेवढी चौकशी झाली नाही तेवढी या चार दिवसांत झाली!

गुरुवारी संध्याकाळी सगळे जमले. माझ्या मेमरीच्या पट्टीची सोनेरी टोकं ओलीने काळवंडली होती. ती खोडरबराने हलकेच घासायची होती. जोर जास्त झाला तर टोक निघणार. समताने पट्टी आणि खोडरबर हातात घेतलं.

"दे हिकडं," आज्जी म्हणाली. "ज्याचं यंत्र त्याचा हात, न्हवं?"

ती मांडी घालून बसली. पट्टी दोन बोटांत धरली, विडी धरावी तशी. अलगद, एकसारखी, एकेक टोक घासत गेली. सौरव तर डोळे विस्फारून बघत होता. "आज्जी, आमच्या कॉलेजात या की शिकवायला!"

"तुझी घाई मला न्हाय पेलायची," आज्जी म्हणाली, आणि ती स्वतःच हसली. मग काय, सगळेच.

पट्टी खाचेत बसली. माझाच जुना पॉवर सप्लाय जोडला; तो गेलाच नव्हता. बटणावर आज्जीने बोट ठेवलं. समताने डोळे मिटून घेतले.

पीं!

एकच. छोटासा. मित्रांनो, आयुष्यात मी इतक्या आनंदाने कधी ओरडलो नव्हतो! मारुतीरावांनी टोपी उडवली, ती कपाटावर जाऊन बसली. पानं उघडली. एक, दोन, तीन... अकरा. आज्जीने पडद्यावरून हात फिरवला. आणि समता? ती नाचतबिचत बसली नाही. पेन ड्राइव्ह आधीच मुठीत धरून उभी होती. तिने कॉपी काढली. एक नव्हे, तीन.

वाढदिवसाला वाचनालय भरलं. आज्जीच्या मैत्रिणी पुढच्या रांगेत. पण आज्जीच्या हातात अकरा नव्हे, बारा कागद होते. शेवटचं पान तिने आदल्या दिवशी लिहिलं होतं. त्याची पहिली ओळ वाचताना तिचा आवाज खणखणीत होता:

"परवा मी माझ्या कंप्युटरला ओल्या पोत्यात गुंडाळलं."

आधी आज्जी हसली. मग पुढची रांग अशी हसली, अशी हसली, की पदर पुरेनात डोळे पुसायला! त्या सगळ्या जणींना ते पोतं ठाऊक होतं ना. कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही.

आता माझी एवढीच विनवणी, मित्रांनो. आमच्यावर पोतं घालू नका, कुंडी ठेवू नका, आमच्या श्वासाच्या फटी मोकळ्या ठेवा. कॉपी आज काढा. आणि हातून काही चुकलं तर आम्हाला दुरुस्त करणाऱ्याला खरं सांगा, कारण आम्हाला सांगता येत नाही.

आज्जीने आता माझ्यासाठी जुन्या लुगड्याची टोपी शिवलीय, काम नसताना धूळ बसू नये म्हणून. रोज जेवणानंतर ती येते, टोपी काढते, खिडकी उघडते आणि माझ्या पाठीवर हात ठेवते. "तापलास काय रं?" म्हणते. मग बटण दाबते, आणि मी तिला माझ्या एकुलत्या एका शब्दात उत्तर देतो.