बंद घरातली सफारी

उज्ज्वलला एकच खोड होती, पण ती फार वाईट होती. दुसऱ्याची चूक दिसली की ती चार लोकांत वाढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आग्रह करकरून वाढायचा, पंगतीतल्या भातासारखी.

वोल्फ्सबुर्गला तो गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याच विभागात यशपाल. यशपालची बायको धम्मदीपा बाळंत व्हायची होती तेव्हा नागपूरहून यशपालच्या सासूबाई, कांताबाई, येणार होत्या. यशपालने कागद पाठवायला उशीर केला, व्हिसा वेळेत मिळाला नाही, आणि ऑपरेशनचे टाके सांभाळत धम्मदीपाने एकटीने सगळं काढलं. बारशाला सगळी मंडळी जमलेली असताना उज्ज्वलने तोंड उघडलंच. "यशपाल, जर्मनीत राहून तारीख चुकवतोस? अरे, इथे कचऱ्याच्या डब्यालासुद्धा तारीख असते!"

लोक खो खो हसले. मांडीवर बाळ घेऊन बसलेली धम्मदीपाही हसली. तिचं हसणं जरा नीट बघायला हवं होतं. पण उज्ज्वल पुढचा विनोद शोधत होता.

मग त्याने केनियाची ट्रिप ठरवली, आणि सगळ्या ग्रुपला कान नकोसे झाले. मसाई मारात काय करायचं, पहाटे बलूनमधून खाली सिंह कसे बघायचे, नदी ओलांडणारे कळप, मसाई लोकांचं उड्या मारत नाचणं, नंतर डिआनीच्या किनाऱ्यावर शिडाच्या होडीतून सूर्यास्त, पाण्यात तोंड घालून मासे बघणं. "बलून घेतलाय आम्ही," असं तो सांगे, जणू फ्लॅट घेतलाय. वर यशपालला विचारायचा, "तुमचं काय, परत तंबू ठोकायचा?"

मंडळींत एक पद्धत होती. जो उरलाउबवर, म्हणजे सुट्टीवर, जाईल त्याने घराची किल्ली कुणाकडे तरी द्यायची. ज्याच्याकडे किल्ली, त्याने अधूनमधून येऊन कुंड्यांना पाणी घालायचं. उज्ज्वलच्या बायकोकडे, प्रियाकडे, कढीपत्त्याचं एकच झाड होतं. थंडीतून तिने ते लेकरासारखं जगवलं होतं. किल्ली तिने धम्मदीपाकडे दिली.

आणि बॅगा भरताना प्रियाने उज्ज्वलची फाईल उघडली. त्याच्या राहण्याच्या कार्डाची मुदत संपलेली. नवीन कार्डासाठी अर्ज केला होता, तोही उशिरा. त्यामुळे हातात नुसता तात्पुरता कागद होता. त्या कागदावर जर्मनीत राहता येत होतं, पण एकदा देश सोडला की परत पाय ठेवता येत नव्हता. तसं स्वच्छ लिहिलं होतं. दुसऱ्याच्या तारखांवर विनोद करणाऱ्या या शहाण्याने स्वतःचा कागद वाचलाच नव्हता!

"सांगून टाकू," प्रिया म्हणाली. "हसतील त्यांचे दात दिसतील."

"यशपालचे दात मला बघायचे नाहीत."

"मग निदान आखनला जाऊ, ऋचाताईकडे."

"तुझी बहीण म्हणजे आकाशवाणी. दुपारपर्यंत साऱ्या जर्मनीला कळेल. नाही, नाही. आपण गेलोय. बस्स."

बघा, एवढं सरळ होतं. चार दिवस लोक हसले असते आणि विसरले असते. पण नाकापेक्षा मोती जड झाला की माणूस नाक तुटेपर्यंत मिरवतो.

ती दोघं घरातच लपली. खिडक्यांचे रोलाडन, म्हणजे बाहेरचे गुंडाळते पडदे, खाली पाडले, भर दुपारी घरात काळोख. मोजे घालून चालायचं, टीव्ही मुका ठेवायचा. उज्ज्वलने कुठल्यातरी आभाळाचा फोटो लावून "जांबो!" असं स्टेटस टाकलं आणि लोकांनी पाठवलेले बदाम मोजत बसला. दाराला आतून किल्ली लावली तर बाहेरच्याला संशय येईल, म्हणून तीही काढून ठेवली. "धम्मदीपा आलीच तर अडगळीच्या खोलीत शिरू," तो म्हणाला. "पण ती कशाला येतेय बाळाला घेऊन?"

रोज तो प्रियाची तयारी करून घ्यायचा. बलूनमध्ये भीती वाटली का? जेवायला काय होतं? सिंहीण कुठल्या बाजूला होती?

"डाव्या," प्रिया थकून म्हणायची. तिला समुद्र बघायचा होता, खरोखरचा, कोमट पाण्याचा. अंधारात बसून त्याच समुद्राची उजळणी करताना तिला रडू यायचं.

एका सकाळी प्रियाने कुकर चढवला आणि दारात किल्ली फिरली.

दोघं धावत अडगळीच्या खोलीत शिरली. व्हॅक्यूम क्लीनर, सुटकेसी आणि ती दोघं, कशीबशी. शेगडी चालूच राहिली होती. आता शिट्टी होणार आणि सगळं संपणार!  पण शिट्टी काही झाली नाही. बाहेर पावलं स्वयंपाकघरात गेली, नळ वाजला, कुंडीत पाणी पडलं. मग धम्मदीपा सोफ्यावर बसली, अडगळीच्या दारापासून हातभर अंतरावर, आणि फोनवर बोलू लागली.

"हो, आलेय त्यांच्याकडे. अरे यशपाल, तुला म्हणून सांगते, प्रिया मागे माझ्याजवळ रडली. म्हणे, या माणसाची बडबड ऐकून जीव विटला. तिचा इथे राहण्याचा पक्का परवाना हातात आला की ती वेगळी होणार आहे. तोवर गोड बोलायचं, झालं. नाही रे, त्याला कुठला पत्ता! तो आपल्याच तोऱ्यात."

अंधारात प्रियाने जोरजोरात मान हलवली, त्याचा हात धरला. त्याने हात झटकला.

दार लागलं. दोघं बाहेर आली. शेगडी बंद होती. त्याला वाटलं तिने केली, तिला वाटलं त्याने. विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

"उज्ज्वल, शपथ घेते, मी असलं काही बोलले नाही."

"मग ती काय हवेशी बोलत होती?"

"मला नाही माहीत! चल, आत्ता फोन लाव. माझ्यासमोर विचार तिला."

उज्ज्वल थांबला. विचारायचं म्हणजे आपण घरातच होतो हे सांगायचं. बायको खरी की खोटी, हे एका फोनने कळणार होतं, आणि त्याची किंमत होती त्याचं नाक. त्याने फोन उचलला नाही.

उलट तोंड सोडलं. त्या बंद घरात, दबक्या आवाजात, शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये याची काळजी घेत तो तिला टाकून बोलला. तिच्या माहेरावर बोलला, तिच्या पगारावर बोलला. आणि शेवटी, जी गोष्ट दोघांनी कधी तोंडातून काढायची नाही असं डॉक्टरांच्या दारात ठरवलं होतं, तीही त्याने काढली. "वांझ बाईला सांभाळतोय मी, आणि ती मलाच सोडणार?"

 त्यानंतर सिंहीण कुठल्या बाजूला होती असं विचारलं, तरी प्रिया भिंतीकडे बघत "डाव्या" म्हणायची.

सुट्टी संपली. रविवारी यशपालने जेवायला बोलावलं. "जय भीम, जय भीम! या, आफ्रिकावाले!" दारातच हसू. घरात सगळा ग्रुप जमला होता. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. जेवण होताच यशपालने त्याला मधल्या खुर्चीत बसवलं. "आल्झो, तर मग सांग आता. पुढच्या वर्षी आम्हालाही जायचंय. काय काय करायचं तिथे?"

फोन होडीतून समुद्रात पडला म्हणून फोटो नाहीत, असं सांगून उज्ज्वल सुरू झाला. आणि काय सांगू, रंगला की हो! बलूनच्या ज्योतीचा आवाज केला. मसाईंचा नाच उठून करून दाखवला. लोक विचारत होते आणि तो उत्तरं देत होता. ग्रुपमधला सत्यजित म्हणाला, "काळवंडला कसा नाहीस रे?"

"क्रीम होतं."

लताताईंनी विचारलं, "प्रिया, सिंहीण जवळून बघितलीस?"

"डाव्या बाजूला होती," प्रिया म्हणाली.

कुणीतरी तोंडात रुमाल कोंबला. "अजून सांग ना, होडीचं सांग," यशपाल म्हणाला. पुन्हा उज्ज्वल सुरू. सगळे त्याला दाणे टाकत होते आणि तो टिपत होता.

मग धम्मदीपा आतून किल्ली घेऊन आली. तिने ती प्रियाच्या हातात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कढीपत्ता छान आहे हं. पण कुकर चढवून आफ्रिकेला जात जाऊ नकोस. शेगडी मी बंद केली."

 मग घर हसण्याने दणाणलं. यशपाल तर भिंतीला टेकून डोळे पुसत होता. "तारीख, उज्ज्वल! कार्डाचीच तारीख चुकली ना? गेनाऊ, अगदी तेच! ओळखलंच होतं मी, नाहीतर घरात कशाला लपशील! इथे कचऱ्याच्या डब्यालासुद्धा तारीख असते रे!"

उज्ज्वलचे कान पेटले. तो त्या खुर्चीत तसाच बसून राहिला. पण त्या गोंगाटातही त्याला एक गोष्ट हळूहळू उमगत गेली. कुकर गरम होता, म्हणजे आम्ही आत आहोत हे हिला माहीत होतं. म्हणजे सोफ्यावर बसली ती...

"मग ते फोनवर?" त्याने विचारलं. 

"कसला फोन? फोन बंदच होता. यशपाल तेव्हा मीटिंगमध्ये." धम्मदीपा हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "प्रिया मला एका शब्दाने काही बोललेली नाही. तिथल्या तिथे रचलं मी. म्हटलं, टाके घेऊन एकटी रडत होते तेव्हा हा हसला. आता याचीही एक रात्र खराब जाऊ दे. का? खरं वाटलं की काय तुला?"

"वाटलं," प्रिया म्हणाली.

ती उठली होती. हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं.

"अगं, थट्टा होती प्रिया," धम्मदीपा घाईने म्हणाली. "त्याला धडा म्हणून. तुझ्यावर कुठे राग होता माझा?"

"माहीत आहे." प्रियाने किल्ली पर्समध्ये टाकली आणि अंगात कोट चढवला. "तू खोटं बोललीस, धम्मा. पण ते ऐकून हा मला जे बोलला, ते मनापासून बोलला."

"प्रिया, घरी जाऊन बोलू," उज्ज्वल म्हणाला. "मला काय माहीत..."

"विचार म्हटलं होतं मी. एक फोन." तिने त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "सत्यजितदादा, मला घरी सोडता का? कुंडी घ्यायची आहे, मग स्टेशन. आखनची गाडी मिळेल अजून."

सत्यजितने मान खाली घालून गाडीची किल्ली शोधली. दार लागलं.

उज्ज्वल मधल्या खुर्चीत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्या खोलीत आता एकाचेही दात दिसत नव्हते.